मागणी, मुदत आणि मोकळीक : हरिभाऊंच्या क्रमशः कादंबऱ्यांविषयी काही विचार

१

लेखकाचे निर्मितिस्वातंत्र्य आणि त्याच्या लेखनास बाजारात लाभणारे यश यांचे नाते विरोधाचे आहे, असे गृहीत धरूनच आपल्याकडे या विषयाची चर्चा बहुधा सुरू होते. जो मागणीप्रमाणे लिहितो तो कलेशी प्रतारणा करतो आणि जो मागणीकडे पाठ फिरवितो तो आपोआपच कलेशी एकनिष्ठ राहतो, ही दोन विधाने आपल्या समीक्षेत इतकी परिचित झाली आहेत की त्यांची परीक्षा घेण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. पहिल्या विधानास पुष्कळ उदाहरणे सापडतात, हे खरे. परंतु दुसरे विधान पहिल्यातून निष्पन्न होत नाही. मागणीपासून मोकळा असलेला लेखक त्या मोकळिकीचे काय करतो, हा प्रश्न स्वतंत्र असून त्याचे उत्तर त्या त्या लेखकाच्या ग्रंथांतच शोधावे लागते.

प्रस्तुत लेखात हा शोध हरि नारायण आपटे यांच्या कादंबरीलेखनाच्या आधारे घ्यावयाचा आहे. हरिभाऊंची निवड करण्याचे कारण असे की, त्यांच्या ठिकाणी या प्रश्नाची सर्व अंगे एकत्र आलेली दिसतात. ते लोकप्रिय होते. त्यांचे बहुतेक लेखन नियतकालिकाच्या ठराविक मुदतीस बांधलेले होते. ते नियतकालिक त्यांनी स्वतःच काढलेले व चालविलेले होते. आणि तरीही त्यांचा चरितार्थ कादंबऱ्यांच्या विक्रीवर अवलंबून नव्हता. म्हणजे बाजाराचा स्पर्श त्यांच्या लेखनास झाला होता, परंतु बाजाराचे दास्य त्यांच्यावर आले नव्हते. अशा लेखकाने एकीकडे ‘पण लक्षात कोण घेतो?’ सारखी मराठी कादंबरीस नवे वळण देणारी कृती निर्माण केली आणि दुसरीकडे एकामागून एक कादंबऱ्या अर्ध्यावर सोडून दिल्या. या दोन्ही गोष्टींची संगती कशी लावावयाची, हा या लेखाचा विषय आहे.

२

प्रथम त्या काळातील ग्रंथकाराच्या चरितार्थाची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मराठी ग्रंथकारास वाचकांच्या खरेदीचा आधार जवळजवळ नव्हताच. दक्षिणेच्या निधीतून मराठी ग्रंथांस बक्षिसे देण्याची व्यवस्था १८५१ च्या सुमारास सुरू झाली, आणि भाषांतरित व स्वतंत्र अशा अनेक पुस्तकांस तिने जन्म दिला. बक्षीस देणारी समिती हीच त्या पुस्तकाची पहिली, आणि पुष्कळदा सर्वांत महत्त्वाची, वाचक असे. बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) आणि लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) या कादंबऱ्या येईपर्यंत कथात्मक गद्याचा वाचक कोण, हेही निश्चित झालेले नव्हते. १८६७ साली ‘विविधज्ञानविस्तार’ निघाल्यावर मात्र सुशिक्षित वाचकांचा एक वर्ग नियतकालिकाभोवती जमू लागला. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची ‘मोचनगड’ (१८७१) ही याच वर्गासाठी लिहिली गेली.

या वाचकवर्गाची वाढ होत असतानाही निव्वळ ग्रंथलेखनावर जगणारा मराठी लेखक निर्माण झाला नाही. अण्णासाहेब किर्लोस्कर सरकारी नोकरीत होते. गोविंद बल्लाळ देवल शिक्षक होते. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर वकिली करीत. लेखन हा सवडीचा उद्योग होता. हरिभाऊंची स्थिती याहून काहीशी निराळी, आणि एका अर्थी अधिक अनुकूल होती. त्यांचे चुलते महादेव चिमणाजी आपटे यांनी १८८८ साली पुण्यात आनंदाश्रम ही संस्था स्थापिली. संस्कृत ग्रंथांच्या हस्तलिखितांचा संग्रह आणि त्यांचे प्रकाशन हे तिचे कार्य. या संस्थेची व्यवस्था हरिभाऊंकडे आली, आणि महाविद्यालयातून पदवी न घेता बाहेर पडलेल्या या तरुणास स्थिर आश्रय लाभला. ‘करमणूक’ हे साप्ताहिक त्यांनी १८९० साली काढले, ते या स्थैर्याच्या बळावर.

ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. लेखकाचे स्वातंत्र्य हे केवळ त्याच्या मनोवृत्तीचे फळ नसते. त्याचा खर्च कोठून तरी भागवावा लागतो. हरिभाऊंच्या मराठी कादंबरीतील मोकळिकीचा खर्च संस्कृत ग्रंथांच्या प्रकाशनसंस्थेने भागविला, असे म्हणावयास हरकत नाही. परंतु त्या मोबदल्यात संस्थेने त्यांच्या वेळेवर हक्क सांगितला. पुढे पुणे नगरपालिकेच्या कामाची आणि अध्यक्षपदाची भर त्यात पडली. पैशाच्या बाबतीत मोकळा असलेला हा लेखक वेळेच्या बाबतीत मात्र उत्तरोत्तर अडकत गेला.

३

लेखकावर बाहेरून पडणारे अंकुश तीन प्रकारचे असतात, असे विवेचनाच्या सोयीसाठी मानता येईल. पहिला अंकुश मालकाचा : जो लेखनाचे पैसे देतो त्याचा. दुसरा वाचकाचा : ज्याच्या आवडीवर लेखनाचा खप अवलंबून असतो त्याचा. तिसरा मुदतीचा : ठरलेल्या दिवशी ठरलेला मजकूर तयार असलाच पाहिजे या बंधनाचा. ‘व्यावसायिक यश’ हा शब्द उच्चारताना आपण हे तिन्ही एकत्र करून टाकतो. वस्तुतः त्यांचे परिणाम भिन्न असतात, आणि एकाच लेखकावर ते निरनिराळ्या प्रमाणात होतात. हरिभाऊ पहिल्या अंकुशापासून सर्वस्वी मुक्त होते, कारण ‘करमणुकी’चे संपादक तेच होते. दुसरा अंकुश त्यांनी समजून उमजून पत्करला होता. तिसरा त्यांच्यावर प्रत्येक आठवड्यास पडत होता.

‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी ‘करमणुकी’त १८९० ते १८९३ या काळात प्रसिद्ध झाली. घरातील स्त्रियांच्या व साध्या वाचकांच्या हाती पडावे, त्यांचे मनोरंजन व्हावे आणि मनोरंजनातून काही बोधही मिळावा, असा या साप्ताहिकाचा हेतू होता. म्हणजे ज्यास आज आपण लोकप्रिय नियतकालिक म्हणू, त्याच जातीचे ते होते. अशा पत्रासाठी दर आठवड्यास मजकूर पुरविताना एखाद्या लेखकाने रहस्याची, योगायोगाची आणि उत्कंठेची वाट धरली असती तर त्यात नवल नव्हते. त्याच सुमारास ‘करमणुकी’तून येणाऱ्या ‘म्हैसूरचा वाघ’ या ऐतिहासिक कादंबरीत ही वाट हरिभाऊंनी काही अंशी धरलेली आहेच. मेडोज टेलरच्या इंग्रजी कादंबरीचा तीस आधार होता. आपल्या आरंभीच्या ‘मधली स्थिति’ (१८८५) या कादंबरीच्या वेळी तर रेनॉल्ड्सच्या कथानकांचे वळण त्यांच्यासमोर होते.

‘पण लक्षात कोण घेतो?’ मध्ये मात्र त्यांनी निराळेच केले. यमू ही निवेदिका आपली कहाणी स्वतः सांगते. तिचे बालपण, आईचा सोशिक स्वभाव, गणुदादा, दुर्गीसारखी मैत्रीण आणि तिच्या नशिबी आलेला नवरा, सासरचे माणसांनी भरलेले घर, रघुनाथरावांबरोबर मुंबईस गेल्यावर लाभलेले थोडे सुखाचे दिवस, वैधव्य, आणि शेवटी शंकरमामंजींच्या पुढाकाराने झालेले केशवपन : या साऱ्या गोष्टी ती आठवतील तशा सांगत जाते. एका गोष्टीतून दुसरी निघते, मध्येच ती थांबते, मागे वळते, आपण कोठे होतो हे स्वतःसच विचारते. पुढे यावयाच्या दुःखाची चाहूल ती आधीच देऊन टाकते, त्यामुळे ‘पुढे काय झाले’ या प्रश्नाची धार बोथट होते. क्रमशः कादंबरीचे सर्वांत मोठे व्यावसायिक साधन जे औत्सुक्य, ते येथे लेखकाने आपण होऊन बाजूस ठेविले आहे.

त्याऐवजी त्याने काय स्वीकारिले? मुदतीने निर्माण केलेली अडचणच त्याने रचनेचे तत्त्व म्हणून स्वीकारिली. दर आठवड्यास एक तुकडा लिहावयाचा तर लेखनात तुटकपणा, विषयांतर आणि पुनरुक्ती येणारच. सर्वज्ञ निवेदकाच्या तोंडी हे दोष ठरले असते. बेताचे शिक्षण झालेल्या, घरातल्या बोलण्याची सवय असलेल्या आणि आठवणींच्या भाराने वाकलेल्या स्त्रीच्या तोंडी तेच स्वाभाविक वाटतात. तिच्या बोलण्यातील विस्कळितपणा हा तिच्या प्रामाणिकपणाचा पुरावा होऊन बसतो. यमूच्या निवेदनात जी आपुलकी आहे, ती पुष्कळ अंशी या तुकड्यातुकड्यांच्या सांगण्यातून आलेली आहे, आणि ते सांगणे साप्ताहिकाच्या सोयीचेही होते. ज्या बंधनामुळे कादंबरी बिघडावी, त्याच बंधनातून तिचे रूप घडले. वाचकाच्या बाबतीतही तसेच झाले. ‘करमणुकी’ची वाचक जी गृहिणी, तिच्याच सारख्या स्त्रीस हरिभाऊंनी बोलके केले. मागणी होती ती कथेची. तिच्या पूर्तीबरोबर लेखकाने वाचकास स्वतःचेच घर दाखविले, आणि ते पाहून कोणास सुख होणार नव्हते.

४

या उदाहरणावरून मुदत आणि मागणी नेहमीच हितकारक ठरतात, असा निष्कर्ष कोणी काढू नये. हरिभाऊंच्या ऐतिहासिक कादंबऱ्या या दृष्टीने पाहण्यासारख्या आहेत. ‘उषःकाल’ (१८९५–९७) ही त्यांतील पहिली मोठी स्वतंत्र कृती. शिवकालाच्या आरंभीचे वातावरण, जुन्या पिढीची स्वामिनिष्ठा आणि नव्या पिढीची स्वराज्याची ओढ यांतील संघर्ष तिच्यात आहे, आणि पित्यापुत्रांतील विरोधाच्या रूपाने तो प्रभावी झालेला आहे. परंतु या संघर्षाभोवती वेषांतरे, गुप्त वाटा, ओळख लपविलेली पात्रे यांचे जे जाळे विणलेले आहे ते एका प्रकरणास दुसऱ्याशी बांधून ठेवण्याच्या गरजेतून आलेले दिसते. प्रकरणाच्या शेवटी वाचकास टांगून ठेवावयाचे आणि पुढील प्रकरणात दुसऱ्याच ठिकाणी न्यावयाचे, ही युक्ती पुस्तकरूपाने सलग वाचताना शिणविते. सात दिवसांच्या अंतराने वाचणाऱ्यास जी उत्कंठा वाटली असेल, तीच एका बैठकीत वाचणाऱ्यास विलंब वाटते.

याच लेखकाची ‘गड आला पण सिंह गेला’ (१९०३–०४) ही आटोपशीर कादंबरी याच्या शेजारी ठेवून पाहावी. तीही क्रमशःच आली. पण तानाजीच्या पराक्रमाची कथा आणि तिचा शेवट वाचकास आधीपासून ठाऊक होता. शेवट लपविता येत नसल्यामुळे लेखकास लक्ष त्या शेवटाकडे जाणाऱ्या वाटेवर केंद्रित करावे लागले. ‘वज्राघात’ (१९१३–१५) या विजयनगरच्या नाशावरील कादंबरीतही शेवट इतिहासाने ठरवून दिलेला आहे, आणि रामराजा व त्याचा स्वतःच दुरावलेला पुत्र यांच्या शोकांत नात्यास त्यामुळेच गांभीर्य आले आहे. यावरून एक गोष्ट दिसते. मुदतीचे बंधन सर्व कादंबऱ्यांस सारखेच होते. ज्या कादंबरीत तिला स्वतःचे असे आंतरिक बंधन होते, मग ते निवेदिकेच्या स्वभावाचे असो वा ज्ञात शेवटाचे असो, तेथे बाहेरचे बंधन निष्प्रभ झाले किंवा उपकारक ठरले. जेथे आंतरिक बंधन सैल होते तेथे बाहेरच्या बंधनाने कादंबरी आपल्या सोयीने ओढली.

५

आता अपूर्ण कादंबऱ्यांकडे वळू. हरिभाऊंची आरंभीची ‘गणपतराव’ अपूर्ण राहिली. ‘आजच’ अपूर्ण राहिली. ‘मायेचा बाजार’ अपूर्ण राहिली. ऐतिहासिक कादंबऱ्यांत ‘सूर्यग्रहण’ पूर्ण झाली नाही. आणि १९१७ साली ‘करमणूक’ बंद पडले तेव्हा ‘कर्मयोग’ही अर्धीच होती. एवढ्या कादंबऱ्या अर्धवट टाकणारा दुसरा मोठा मराठी कादंबरीकार दाखविणे कठीण आहे. याचे कारण सामान्यतः त्यांच्या कामाचा व्याप असे सांगितले जाते, आणि ते खोटे नाही. तथापि व्याप हे कारण पुरे पडत नाही. व्याप असलेला मनुष्यदेखील जे केल्यावाचून गत्यंतर नसते ते करतोच. हरिभाऊंना या कादंबऱ्या पूर्ण केल्यावाचून गत्यंतर होते, ही खरी गोष्ट आहे.

त्यांच्या जागी मालकाचे पैसे घेऊन लिहिणारा लेखक असता तर ‘आजच’ अर्धी सोडण्याची मुभा त्यास मिळाली नसती. आगाऊ रक्कम घेतलेली, वर्गणीदारांस आश्वासन दिलेले आणि पुस्तकाची जाहिरात झालेली, अशा स्थितीत शेवट चांगला न सुचला तरी कसातरी लावावा लागला असता. हरिभाऊंनी तसा कसातरी शेवट लावला नाही. येथे त्यांच्या स्वातंत्र्याची दोन्ही तोंडे दिसतात. खोटा शेवट न लावण्याचे स्वातंत्र्य हे खऱ्या अर्थाने कलावंताचे स्वातंत्र्य आहे, आणि त्याबद्दल त्यांचा आदरच केला पाहिजे. परंतु खरा शेवट शोधण्याचे कष्ट पुढे ढकलण्याची सवलतही त्याच स्वातंत्र्याने दिली. संपादक तेच असल्यामुळे ‘हे पूर्ण करा’ असे त्यांना अधिकाराने सांगणारे कोणी नव्हते. वाचक वाट पाहत होता, पण वाचकाच्या हाती नाराजीवाचून दुसरे साधन नव्हते, आणि पुढच्या आठवड्यास नवी कथा सुरू झाली की ती नाराजीही ओसरत असावी.

येथे आणखी एक मुद्दा आहे. अपूर्ण सामाजिक कादंबऱ्या समकालीन सुशिक्षित तरुणाच्या आयुष्याविषयी आहेत. ‘पण लक्षात कोण घेतो?’ चा शेवट समाजानेच लिहून ठेविलेला होता. विधवेचे काय होते हे सर्वांस माहीत होते. परंतु इंग्रजी शिकलेल्या, सुधारणेची आणि देशसेवेची स्वप्ने पाहणाऱ्या तरुणाचे पुढे काय होणार, हे १९०४ साली वा १९१३ साली कोणासच ठाऊक नव्हते. ‘मी’ (१८९३–९५) मध्ये भावानंदाच्या रूपाने हरिभाऊंनी एक उत्तर दिले : वैयक्तिक सुखाचा त्याग आणि समाजसेवेस वाहिलेले जीवन. त्या उत्तराची पुनरावृत्ती करणे त्यांना रुचले नसावे, आणि नवे उत्तर काळाने अजून दिलेले नव्हते. म्हणून या कादंबऱ्यांची अपूर्णता ही केवळ आळसाची वा व्यापाची खूण मानू नये; ती त्या काळच्या अनिश्चिततेचीही खूण आहे. मात्र ही अनिश्चितता कादंबरीत मुरविण्यासाठी जो सलग वेळ आणि जे पुनर्लेखन लागते, ते हरिभाऊंच्या वाट्यास आले नाही. पैशाची विवंचना नसलेला लेखकही वेळेचा दरिद्री असू शकतो.

६

तुलनेसाठी त्याच काळातील नाटककारांकडे पाहणे उपयुक्त होईल, कारण मालकाचा अंकुश त्यांच्यावर प्रत्यक्ष होता. मराठी वाङ्मयात बाजार खऱ्या अर्थाने प्रथम अवतरला तो ग्रंथविक्रेत्याच्या दुकानात नव्हे, तर नाटकमंडळीच्या तिकीटविक्रीच्या खिडकीपाशी. मंडळीस बिऱ्हाड चालवावयाचे असे, नटांचे पगार द्यावयाचे असत, आणि म्हणून नाटक चालले पाहिजे ही अट लेखकास आरंभापासूनच ठाऊक असे. देवलांनी ‘शारदा’ (१८९९) किर्लोस्कर मंडळीसाठी लिहिले. वृद्धाशी कुमारिकेचा विवाह लावण्याच्या रूढीवर त्याचा रोख होता, आणि तरीही, किंबहुना त्यामुळेही, ते अत्यंत लोकप्रिय झाले. मागणी आणि धाडस यांचे वैर अटळ नसते, याचे हे दुसरे उदाहरण.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ (१९०७) या नाटकाचा पौराणिक पडदा प्रेक्षकांनी सहज ओळखला आणि सरकारनेही ओळखला. १९१० साली त्यावर बंदी आली. पुढच्याच वर्षी किर्लोस्कर मंडळीने त्यांचे ‘मानापमान’ रंगभूमीवर आणिले, आणि गोविंदराव टेंबे यांच्या चालींनी व बालगंधर्वांच्या गायनाने त्याने लोकांची मने जिंकिली. लेखकाच्या मोकळिकीचा सर्वांत कठोर शत्रू या प्रकरणात तिकीट काढणारा प्रेक्षक नव्हता, सत्ता होती, ही गोष्ट विसरून चालणार नाही. बाजाराविरुद्ध बोलताना आपण या चौथ्या अंकुशाचा अनुल्लेख करतो, हे आपल्या चर्चेतील एक मोठे व्यंग आहे.

राम गणेश गडकरी यांचा प्रकार अधिक बोधप्रद आहे. किर्लोस्कर मंडळीत मुलांस शिकविणारे ‘मास्तर’ म्हणून त्यांनी दिवस काढिले. रंगभूमीचा व्यवहार त्यांनी आतून पाहिला होता. ‘एकच प्याला’ हे त्यांचे नाटक गंधर्व मंडळीने १९१९ च्या फेब्रुवारीत रंगभूमीवर आणिले, तेव्हा ते हयात नव्हते. त्यातील पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी रचिली. बालगंधर्व नायिका असल्यावर पदे असणारच, ही बाजाराची मागणी. मद्यपी नवऱ्याच्या दारिद्र्यात होरपळणाऱ्या सिंधूच्या तोंडी आलापांची बरसात होते, तेव्हा गद्यातील शोकाची घनता काही काळ विरळ होते, हे नाकारता येत नाही. परंतु पदे आणि संवाद यांचे कर्तृत्व भिन्न असल्यामुळे मागणीचा वाटा कोठे आहे आणि लेखकाचा वाटा कोठे आहे, हे येथे जणू शिवणीसारखे उघडे दिसते. तळीरामाच्या संवादांत आणि सुधाकराच्या अधःपाताच्या क्रमात गडकऱ्यांनी कोणाचीही भीड धरलेली नाही. मंडळीस हवे ते दिल्यावर उरलेले क्षेत्र त्यांनी पूर्णपणे आपल्या ताब्यात ठेविले. मंडळ्या ज्यांची वाट पाहत होत्या ती ‘एकच प्याला’ आणि ‘भावबंधन’ ही नाटके त्यांनी आजारपणातही हातावेगळी केली. ज्यावर त्यांचा जीव होता ते ‘राजसंन्यास’ अपूर्ण राहिले. वयाच्या चौतिसाव्या वर्षीच ते निवर्तले, हे त्याचे पहिले कारण खरेच. तरीही कोणते लेखन आधी पूर्ण झाले आणि कोणते मागे पडले, याचा क्रम अर्थपूर्ण आहे.

गडकरी १९१९ च्या जानेवारीत वारले आणि हरिभाऊ त्याच वर्षीच्या मार्चमध्ये. एकाच्या पाठीशी मंडळीचा तगादा होता, म्हणून त्याची नाटके पूर्ण झाली आणि त्यांत तगाद्याच्या खुणा राहिल्या. दुसऱ्यास तगादा करणारे कोणी नव्हते, म्हणून त्याच्या काही कादंबऱ्यांत खोट्या शेवटाच्या खुणा नाहीत, आणि शेवटही नाही.

७

या विवेचनातून समीक्षेच्या दृष्टीने काय निष्पन्न होते? पहिली गोष्ट अशी की, लेखकाच्या स्वातंत्र्याचे मोजमाप त्याच्या जीवनक्रमावरून करणे अपुरे आहे. नोकरी करून लिहिणारा स्वतंत्र आणि लेखनावर जगणारा परतंत्र, ही विभागणी चरित्रास लागू पडेल. ग्रंथास ती लागू पडत नाही. ग्रंथात पाहावयाचे ते हे की, बाहेरून आलेल्या अटीचे लेखकाने काय केले. त्याने ती अट केवळ पाळली काय, टाळली काय, की तिला आपल्या हेतूत ओढून घेतले? ‘पण लक्षात कोण घेतो?’ ची थोरवी यातील तिसऱ्या प्रकारात आहे.

दुसरी गोष्ट अशी की, लोकप्रियतेचा अभाव हा गुण मानण्याची सवय आपण सोडली पाहिजे. मराठी समीक्षेने लोकप्रिय लेखनाचा विचार बहुधा तुच्छतेने तरी केला किंवा केलाच नाही. बाबूराव अर्नाळकरांनी रहस्यकथांची हजारावर पुस्तके लिहिली आणि मराठी वाचकांच्या पिढ्यांस वाचनाची सवय लाविली. परंतु आपल्या वाङ्मयेतिहासांत त्यांना मिळालेली जागा ओळींत मोजण्याइतकी आहे. त्यांच्या कथा कलादृष्ट्या उच्च आहेत असे येथे सुचवावयाचे नाही. मुदत आणि मागणी यांचा अंकुश पूर्णपणे स्वीकारलेल्या लेखकाची रचना, भाषा आणि पात्रे कशी घडतात, हे पाहण्याचे साधन आपण हातचे घालविले, एवढेच म्हणावयाचे आहे. ज्या समीक्षेने मागणीची कार्यपद्धती कधी तपासली नाही, तिला मागणीपासूनच्या मुक्ततेचे मोलही नीट सांगता येणार नाही.

तिसरी गोष्ट वेळेविषयी आहे. मराठी लेखक आजही मोठ्या प्रमाणावर नोकरी सांभाळून लिहितो, आणि दिवाळी अंकांची मुदत अजूनही कित्येकांच्या लेखनाचे वेळापत्रक ठरविते. १९०९ साली ‘मासिक मनोरंजना’ने दिवाळी अंकाची प्रथा पाडिली, तेव्हापासून मराठी कथेच्या लांबीवर आणि घाटावर या मुदतीचा परिणाम होत आलेला आहे. त्यामुळे लेखकास स्वातंत्र्य आहे काय, असे विचारताना त्यास बाजाराची भीती आहे काय, एवढेच विचारणे पुरेसे नाही. त्यास पुन्हा लिहावयास वेळ आहे काय, आणि ‘हे अजून झाले नाही’ असे त्यास सांगणारा जाणता संपादक त्याच्याजवळ आहे काय, हेही विचारले पाहिजे. हरिभाऊंजवळ प्रतिभा होती, आश्रय होता, वाचक होता आणि स्वतःचे पत्र होते. नव्हता तो असा संपादक, कारण ती जागा त्यांनी स्वतःच व्यापिली होती. दर आठवड्यास वाट पाहणाऱ्या वाचकाने त्यांच्याकडून ‘पण लक्षात कोण घेतो?’ लिहवून घेतली. ‘आजच’ आणि ‘कर्मयोग’ लिहवून घेण्यास त्या वाचकाहून अधिक कोणी तरी हवे होते.